संपकाळातील किमान एसटी सेवा : कायद्याची पार्श्वभूमी

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने रेल्वेला थेट लोकोपयोगी सेवा मानले. रस्त्यावरील प्रवासी वाहतूक मात्र अनुसूचीत ठेवली, त्यामुळे शासनाने अधिसूचना काढली तरच आणि एका वेळी सहा महिन्यांपुरताच तिला तो दर्जा मिळे. मिळाला तरी बंधन संपाआधी 14 दिवसांच्या नोटिशीचे; त्यानंतर धारणी वा सिरोंचासारख्या दुर्गम भागाची एखादी गाडी सुटलीच पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नव्हते. 1968 मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपावेळी आलेला अत्यावश्यक सेवांचा कायदा संपालाच मनाई करणारा होता. राज्याचा मेस्माही (महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियम) त्याच वळणाचा आणि ठरावीक मुदतीपुरता. 2023 मध्ये तो नव्याने संमत झाला तेव्हा जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठीचा सरकारी कर्मचाऱ्यांचा संप दाराशी होता.

खरी कसोटी ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेल्या एसटी संपात लागली. कोरोनामुळे बंद असलेले ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबरला उघडून महिनाही झाला नव्हता. न्यायालयाने संपास मनाई केली, तरी एसटी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करण्याच्या मागणीवरून आगारे बंदच राहिली. मग नोव्हेंबरमध्ये शासनाने खासगी बस, शालेय बस, इतकेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. प्रवाशांची अडचण पाहता निर्णय समजण्यासारखा होता. पण काही सेवा चालू राहिलीच पाहिजे हे त्यातून मान्य करताना ती कोणत्या गावाला, किती वेळा आणि कोणत्या दरात, हे वाहनमालकाच्या सोयीवर राहिले. नागपूर-अमरावतीसारख्या मार्गावर गाड्यांना तोटा नसतो. मेळघाटात किंवा एटापल्लीकडे, जिथे रात्री गावात थांबणाऱ्या मुक्कामी गाडीवरच सकाळची शाळा अवलंबून असते, तिथे काळीपिवळी या खासगी प्रवासी गाडीत मुलींचा एसटीचा मोफत पास चालत नाही. संघटनांनी हा संप मोडण्याचा डाव मानला आणि प्रशासनाने निरुपाय. आडमार्गावरच्या फेऱ्यांचा प्रश्न दोघांच्याही मांडणीत मागेच पडला. कामावर परतण्यासाठी न्यायालयाने अखेर 22 एप्रिल 2022 पर्यंत मुदत दिली.

इटलीत 1990 पासून संपाच्या दिवशीही ठरावीक सेवा पुरवण्याचे कायदेशीर बंधन आहे. ब्रिटनने 2023 मध्ये रेल्वेसाठी वेळापत्रकाच्या 40 टक्के असे प्रमाण ठरवले. तो कायदा 2025 मध्ये रद्द झाला.

आपल्याकडे नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने 14 दिवसांची नोटीस सर्वच औद्योगिक आस्थापनांना सक्तीची केली. किमान फेऱ्यांची तरतूद तिच्यातही नाही.