तीन सत्ता आणि त्यांच्यामधले बांध

आपल्याकडे पंतप्रधान संसदेत विरोधकांना उत्तरं देतो आणि लोकसभेतलं बहुमत गेलं की सरकार पडतं. ही पद्धत अंगवळणी पडलेल्या माणसाला वॉशिंग्टनच्या बातम्या कोड्यात टाकतात. तिथला अध्यक्ष काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सभासद नसतो. त्याच्या मंत्र्यांनाही सभासद होता येत नाही, घटनेतच तशी मनाई आहे. दोन्ही सभागृहं विरोधकांच्या हाती गेली तरी त्याची चार वर्षं शाबूत राहतात. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला आपल्या घटनेचा मसुदा मांडताना नेमका हा फरक सांगितला होता: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, रोजची जबाबदारी कमी. आपण जबाबदारीला झुकतं माप दिलं. अमेरिकेने तसं का केलं नाही, हे समजायला तिची घटना लिहिली गेली त्या १७८७च्या थोडं मागे जावं लागतं.

१७७६मध्ये राजाशी भांडून निघालेल्या वसाहतींना 'कार्यकारी सत्ता' या शब्दाचीच धास्ती होती. बहुतेक राज्यांनी गव्हर्नरला नावापुरतं ठेवलं, पेनसिल्व्हेनियाने तर ते पदच ठेवलं नाही. १७८१पासून लागू झालेल्या पहिल्या संघ-करारात अध्यक्ष नव्हता, कायमस्वरूपी राष्ट्रीय न्यायसंस्था नव्हती आणि काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. पैशासाठी राज्यांपुढे हात पसरायचा, दिले तर दिले. १७८६-८७च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी हत्यारं घेऊन उठले, तेव्हा या कारभाराची लक्तरं चव्हाट्यावर आली.

त्यामुळे १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ प्रतिनिधींच्या मनात दुहेरी भीती होती. राजा नको, पण बेलगाम विधिमंडळही नको. सत्ता वेगवेगळ्या हातांत असावी हा फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूचा विचार सगळ्यांना ठाऊक होता. त्या प्रतिनिधींतल्या जेम्स मॅडिसनने त्याला जी कलाटणी दिली ती जास्त महत्त्वाची. नुसत्या भिंती घालून भागणार नाही, प्रत्येकाचा एक पाय दुसऱ्याच्या वावरात हवा, असं त्याचं म्हणणं. म्हणून कायदा काँग्रेसचा, पण अध्यक्षाला नकाराधिकार. तो नकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं. न्यायाधीश अध्यक्षाने नेमायचे, संमती सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाची. सैन्याचा सरसेनापती अध्यक्ष, पण युद्ध पुकारायचा अधिकार आणि पैशाची थैली काँग्रेसकडे.

एवढं सगळं जेमतेम साडेचार हजार शब्दांत. इतक्या आखूड कागदावर बांध पुसटच आखले जाणार. ते ठळक झाले नंतर, एकमेकांचे बांध कोरता कोरता.

नवं सरकार आल्यावर पहिला खटका वर्षभरातच उडाला. तह 'सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने' करायचे, असं घटना सांगते. जॉर्ज वॉशिंग्टनने ते शब्दशः घेतलं. २२ ऑगस्ट १७८९ला तो युद्धमंत्र्याला बरोबर घेऊन न्यूयॉर्कमध्ये सिनेटसमोर हजर झाला. विषय होता दक्षिणेतल्या मूलनिवासी जमातींशी करायच्या तहाचा. उपाध्यक्ष कागद वाचू लागले, पण रस्त्यावरच्या घोडागाड्यांच्या खडखडाटात कुणाला धड ऐकू येईना. सभासद म्हणाले, समितीकडे पाठवू. वॉशिंग्टन भडकला. दोन दिवसांनी येऊन त्याने काम पुरं केलं, पण असल्या मसलतीसाठी त्याने पुन्हा सिनेटची पायरी चढली नाही. 'सल्ला' मागे पडला, 'संमती' उरली. घटनेतलं एक अक्षर न बदलता.

न्यायसंस्थेची गोष्ट याहून खुमासदार आहे. तिच्याकडे ना सैन्य ना पैसा, सुरुवातीला स्वतःची इमारतही नव्हती. सर्वोच्च न्यायालयाला ती मिळाली १९३५ला! काँग्रेसचा कायदा हे न्यायालय रद्द करू शकतं, असं घटनेत स्पष्ट कुठेच लिहिलेलं नाही. ते आलं एका किरकोळ नेमणुकीच्या वादातून. १८००ची निवडणूक हरलेल्या जॉन अ‍ॅडम्सने जाता जाता आपल्या माणसांना भराभर न्यायाधीशपदं वाटली. काही नेमणूकपत्रं सही-शिक्का होऊनही पोहोचवायची राहिली. विल्यम मारबरी नावाच्या गृहस्थाचं त्यातलंच एक. नव्या अध्यक्षाने, थॉमस जेफरसनने, ते अडवून ठेवलं. मारबरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

तिथे सरन्यायाधीश कोण, तर जॉन मार्शल. अ‍ॅडम्सचा परराष्ट्रमंत्री म्हणून त्या पत्रांवर शिक्का मारणारा आणि ती पोहोचवायला विसरणारा हाच माणूस! आजच्या संकेतांप्रमाणे त्याला या खटल्यातून बाजूलाच व्हावं लागलं असतं. शिवाय पेच मोठा होता. पत्र द्या असा हुकूम काढावा तर जेफरसन तो केराच्या टोपलीत टाकणार, न काढावा तर न्यायालय घाबरलं असं दिसणार. २४ फेब्रुवारी १८०३ला मार्शलने निकाल दिला. मारबरीचा हक्क खरा, सरकारचं वागणं चूक. पण असा हुकूम थेट काढायचा अधिकार ज्या १७८९च्या कायद्याने आम्हाला दिला, तो भागच घटनाविरोधी, म्हणून रद्द. जेफरसनपुढे मोडायला हुकूमच उरला नाही, आणि छोटा अधिकार सोडून देता देता न्यायालयाने केवढातरी मोठा पदरात पाडून घेतला. मारबरीला पद काही मिळालं नाही. या हत्याराने संघराज्याचा पुढचा कायदा पाडला गेला तो थेट १८५७मध्ये, ड्रेड स्कॉट खटल्यात. तो निकाल गुलामगिरीच्या बाजूचा होता, हेही विसरू नये.

नकाराधिकाराचं असंच झालं. आधीच्या सहा अध्यक्षांनी मिळून तो १० वेळा वापरला, एकट्या अँड्र्यू जॅक्सनने १२ वेळा. कायदा घटनाबाह्य आहे एवढंच कारण त्याला पुरेसं वाटेना, धोरण पटत नाही हेही त्याने कारण केलं. १८६८मध्ये काँग्रेसने दुसऱ्या टोकाचं हत्यार उपसलं, महाभियोग. अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचला. आजवर एकही अध्यक्ष या मार्गाने पदावरून गेलेला नाही.

फ्रँकलिन रूझवेल्टचा अनुभव निराळा. १९३६मध्ये ४८पैकी ४६ राज्यं जिंकलेल्या या अध्यक्षाने, आपले कायदे पाडणाऱ्या न्यायालयात सहापर्यंत जास्तीचे न्यायाधीश बसवायचा बेत आखला. नऊ हा आकडा घटनेत नाहीच, तो साध्या कायद्याने ठरतो. तरी त्याच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या सिनेटने १९३७मध्ये तो बेत ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत धाडला. तोवर न्यायालयाचा सूरही नरमला होता.

युद्धाच्या बाबतीत काँग्रेसने आपला बांध बराचसा जाऊ दिला. तिने युद्ध रीतसर पुकारलं ते शेवटचं १९४२मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, इराक सगळं त्यानंतरचं. अध्यक्ष रिचर्ड निक्सनच्या काळात तिला जाग आली. मंजूर झालेला पैसा तो खर्चच करत नव्हता. १९७३ला लष्करी कारवाईवर ६० दिवसांची मर्यादा घालणारा कायदा निक्सनचा नकार मोडून झाला, १९७४ला पैसा अडवण्यावर बंधन आलं. त्याच वर्षी न्यायालयाने ८-० मताने वॉटरगेट प्रकरणातल्या, त्याच्याच कचेरीतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती द्यायला लावल्या आणि सोळा दिवसांत त्याने पद सोडलं.

काँग्रेसची आणखी एक युक्ती होती: अधिकार सरकारला द्यायचा, पण त्याखालचा निर्णय एका सभागृहाच्या ठरावाने फिरवायची सोय ठेवायची. ती मोडली जगदीश राय चढ्ढा या केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याच्या खटल्याने. व्हिसा संपल्यावरही त्याला राहू द्यायचं सरकारने ठरवलं होतं. १९७५मध्ये प्रतिनिधिगृहाने ३४० प्रकरणांतली सहा नाकारली, त्यात त्याचं नाव होतं. १९८३मध्ये न्यायालयाने ७-२ने सांगितलं, असा ठराव म्हणजे कायदाच. तो दोन्ही सभागृहांतून जाऊन अध्यक्षापुढे यायलाच हवा. जवळपास २०० तरतुदी एका फटक्यात लंगड्या झाल्या, १९७३च्या युद्धविषयक कायद्यातलीही एक त्यात आली.

चढ्ढा अमेरिकेत राहिला. काँग्रेस मात्र त्यानंतरही कायद्यांत 'समितीची मंजुरी घ्यावी' अशी कलमं घालत आली आहे. ती बंधनकारक नाहीत, असं अध्यक्ष सही करतानाच सांगतात. खात्यांचे अधिकारी तरीही निमूटपणे समितीला विचारून येतात, कारण पुढच्या वर्षीचा पैसा तीच समिती ठरवणार असते.