लेशधातू आणि स्वादुपिंडाचा कर्करोग : बेळगाव सीमाभाग

शरीरात अत्यल्प प्रमाणात आढळणाऱ्या धातूंना लेशधातू म्हणतात. त्यांपैकी जस्त, तांबे, मँगॅनीज आवश्यक होत. कॅडमियम व शिसे यांचे शरीरात काहीच काम नाही. आर्सेनिक वस्तुतः अर्धधातू, पण या चर्चेत त्याची गणना धातूंबरोबरच होते. स्वादुपिंडाचे जस्ताशी विशेष नाते आहे : इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत त्याचे सहा-सहा रेणू जस्ताच्या दोन आयनांभोवती बांधून साठवले जातात. कॅडमियम जस्ताच्याच वाटांनी पेशीत शिरते आणि डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांत जस्ताची जागा बळकावते. एकदा आत गेले की ते सहसा बाहेर पडत नाही. मूत्रपिंडातील त्याचा अर्धायुकाल, म्हणजे साठा निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, १० ते ३० वर्षे मानतात.

सीमाभागात या विषयाला महत्त्व येते ते तंबाखूमुळे. निपाणी-चिकोडी पट्टा विडी-तंबाखूचा जुना मुलूख आहे. दख्खनमध्ये हे पीक नेमके केव्हा आले, याविषयी एकमत नाही. पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात, असे सामान्यतः सांगतात. त्यातला भक्कम दुवा असद बेगचा : अकबराच्या या दूताने १६०४ च्या सुमारास विजापुरात तंबाखू पाहिली आणि दरबारात नेली. बेळगाव तेव्हा आदिलशाहीत होते, त्यामुळे तंबाखूची ओळख इथे त्याच काळात झाली असावी. निपाणीच्या पेठेचा उत्कर्ष मात्र पुष्कळ अलीकडचा.

तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम ओढून पानात साठवते. आम्ल जमिनीत हे शोषण वाढते, आणि फॉस्फेटयुक्त खतांतूनही हा धातू शेतात येतो. आतड्यातून त्याचा थोडाच अंश रक्तात जातो, धुरावाटे फुफ्फुसातून कितीतरी जास्त. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका पदराने नाक-तोंड घट्ट बांधतात, तरी बारीक भुकटी पापण्यांवर बसलेली दिसते. अंगात लोह कमी असलेल्या स्त्रियांत आतड्यातून कॅडमियम अधिक शोषले जाते, ही बाब या कामगार स्त्रियांच्या संदर्भात फार दुर्लक्षित राहिली आहे.

कॅडमियम आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा संबंध २००० मध्ये श्वार्ट्‌झ व राइस यांनी ठळकपणे मांडला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे ११८ रुग्ण व तो रोग नसलेले ३९९ इतर यांच्या पायाच्या नखांतील मूलद्रव्ये मोजली गेली. सर्वाधिक कॅडमियम असलेल्या गटात रोगाची शक्यता सर्वांत कमी असलेल्या गटाच्या सुमारे साडेतीन पट, शिशाबाबत सहा पट, आर्सेनिकबाबत दुप्पट आढळली. सिलिनियम व निकेल जास्त असलेल्यांत ती उलट कमी होती. निकेलचा निष्कर्ष बुचकळ्यात टाकणारा आहे, कारण त्याची संयुगे फुफ्फुस व नाकाच्या कर्करोगास कारण ठरलेली आहेत. पायाचे नख मागील काही महिन्यांचा, फार तर दीड वर्षाचा हिशेब देते. अर्बुद (कर्करोगाची गाठ) घडायला मात्र दशकभर किंवा अधिक काळ लागतो. शिवाय रोगानेच पचन बिघडून नखातील प्रमाणे बदललेली असू शकतात. म्हणून सिलिनियमच्या 'संरक्षणा'वर विसंबणे घाईचे ठरेल. कॅडमियमचा दावा त्या मानाने टिकाऊ वाटतो, कारण त्याचा साठाच दीर्घकालीन असतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियमला कर्करोगजनक ठरवले ते मुख्यतः फुफ्फुसाच्या पुराव्यावर. धूम्रपान आणि धूरविरहित तंबाखू या दोन्हींबाबत मात्र तिने स्वादुपिंडाचा पुरावा पुरेसा मानला आहे. तेव्हा विडी सोडून मिश्री लावणाऱ्याने धोका टळला असे समजू नये. तंबाखूतील नायट्रोसामाइन या कर्करोगजनक संयुगांचा वाटा किती आणि कॅडमियमचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

सीमाभागातल्याच खानापूर भागातील भातशेतीचा या विषयाशी संबंध अप्रत्यक्ष आहे. पाणी साचलेल्या खाचरात भात आर्सेनिक जास्त घेते. पाणी उतरून जमीन सुकली की आर्सेनिक घटते आणि कॅडमियमचे शोषण वाढते.