कायदा एक, मग गाडीची तपासणी गावागणिक वेगळी का?

दिल्ली परिसरात डिझेल गाडीला रस्त्यावर १० वर्षे आणि पेट्रोल गाडीला १५, हा दंडक राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ मधल्या आदेशांतून आला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला; २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने त्याची अंमलबजावणी सैल केली. मुंबईत मात्र टॅक्सीला २० वर्षे मिळतात. म्हणूनच ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. दोन्ही शहरांना कायदा एकच, १९८८ चा मोटार वाहन कायदा.

हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत, येतो. नियम केंद्राचे, पण गाडीखाली वाकून पाहणारा निरीक्षक राज्याचा. ट्रक-टेम्पोला ठरावीक मुदतीने पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे ना, याची तपासणी), खासगी गाडीला पहिली १५ वर्षे पासिंगच नाही, आणि वर्षभरानंतर पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, सगळ्यांना, अशी ही मांडणी. खासगी गाडीचे ब्रेक दीड दशक कोणी सरकारी माणूस पाहत नाही, हे मला तरी कायम खटकते.

प्रदेशाप्रदेशांत खरी फूट पडली ती इंधनामुळे. सगळ्या देशाला एकदम कमी गंधकाचे डिझेल पुरवणे तेलशुद्धीकरण कारखान्यांना जमण्यासारखे नव्हते. गोव्यातल्या माशेलचे शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ साली टप्प्याटप्प्याचा मार्ग सुचवला: आधी मोठी शहरे, मग बाकीचा देश. एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत बीएस-४, इतरत्र बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे निकष; आकडा मोठा तितके ते कडक). शहरातल्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत ५०, बाहेर ३५०. परवान्याचा ट्रक बाहेर नोंदवायचा, बाहेरचे डिझेल भरायचे आणि शहरात यायचे; त्याला कोण अडवणार? ही दुफळी एप्रिल २०१७ मध्ये मिटली. १ एप्रिल २०२० पासून तर देशभर बीएस-६.

जुन्या गाड्यांना मात्र जन्मवेळचेच निकष चिकटलेले आहेत. २०१२ साली पुण्यात बीएस-४ डिझेल जीप घेतली आणि साताऱ्यात बीएस-३, तर आज पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून ॲक्सिलरेटर दाबायला लावतो तेव्हा पहिलीला धुराची मर्यादा (धूर किती प्रकाश अडवतो, त्याचा आकडा) १.६२, दुसरीला २.४५. पहिलीचे प्रमाणपत्र वर्षभर चालते, दुसरीचे सहा महिने. म्हणजे जास्त धूर सोडायची मुभा, पण खेप दुप्पट.

बाकीचा फरक कोर्टांनी पाडला. दिल्लीत बस आणि रिक्षा सीएनजीवर आल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशामुळे. मुंबईत धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. एम. लाल समिती नेमली. पुढे जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. पासिंगच्या वेळी ब्रेक तपासायला आरटीओकडे २५० मीटरचा ट्रॅक हवा, हा आग्रहही महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयानेच धरला. तोवर अनेक ठिकाणी साध्या रस्त्यावरच काम उरकले जाई.

२०२१ च्या नियमांनी हे काम निरीक्षकाच्या नजरेकडून स्वयंचलित चाचणी केंद्रांच्या यंत्रांकडे द्यायचे ठरवले. पण केंद्रे सगळ्या जिल्ह्यांत एकदम उभी राहिली नाहीत, त्यामुळे सक्तीची तारीखही पुढे ढकलावी लागली.