आरपीएफ की जीआरपी? फलाटावरच्या दोन खाकी गणवेशांमधला फरक

लोकलमध्ये काही वाईट घडलं की आजूबाजूच्या बायका एकच सल्ला देतात, ‘रेल्वे पोलिसांकडे जा.’ सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट. मुंबईच्या स्टेशनांवर ज्यांना आपण सरसकट रेल्वे पोलीस म्हणतो ती दोन वेगळी दलं आहेत. दोघांचा गणवेश खाकी. कित्येक स्टेशनांवर दोघांची ऑफिसं एकाच फलाटावर असतात. पण एक दल केंद्राचं, दुसरं राज्याचं. दोघांचे कायदे वेगळे, अधिकार वेगळे आणि फोन नंबरही वेगळे.

मीही बरीच वर्षं हा फरक न जाणता प्रवास केला. एकदा डब्यातल्या एका अनोळखी मुलीबरोबर तक्रार द्यायला उतरले. ती शहरात नवी होती, एकटी होती. आम्ही पहिलं दिसलं ते दार गाठलं. ते चुकीचं होतं. बरोबर दार फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं पोचेपर्यंत ‘जाऊ दे ना ताई, घरी जाते’ असं ती तीनदा म्हणाली होती. त्या दिवसापासून मला वाटतं की हा फरक प्रत्येकीला पहिल्या पासाबरोबरच कळायला हवा.

आधी नावं. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल. हे रेल्वे मंत्रालयाचं, १९५७च्या कायद्याने उभं राहिलेलं दल. मूळ काम रेल्वेच्या मालमत्तेची राखण. २००३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रवासी व प्रवाशांचा वावर असलेली जागा यांचं रक्षणही त्यांच्या कर्तव्यात आलं. जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस. हे महाराष्ट्र पोलिसांचाच भाग. आपल्या राज्यघटनेत ‘पोलीस’ हा विषय राज्य सूचीत आहे आणि तिथं कंसात रेल्वे पोलिसांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून गाडी केंद्राची असली तरी गाडीत घडलेल्या गुन्ह्याचा तपास राज्याचे पोलीस करतात. मुंबईत त्यांचं स्वतंत्र आयुक्तालय आहे आणि दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, अंधेरी, बोरिवली अशा स्टेशनांवर त्यांची पोलीस ठाणी आहेत. प्रत्येक स्टेशनवर ठाणं नसतं. एकेका ठाण्याच्या हद्दीत अनेक स्टेशनं येतात.

ओळखायचं कसं? खांद्यावरची आणि दंडावरची अक्षरं वाचायची. गर्दीत, घाबरलेल्या अवस्थेत ते जमत नाही, हे मला मान्य आहे. तेव्हा सरळ विचारावं, ‘तुम्ही आरपीएफ की जीआरपी?’ हा प्रश्न कुणालाही उद्धट वाटत नाही. रात्रीच्या लेडीज डब्यात कधी होमगार्ड किंवा महाराष्ट्र सुरक्षा बलाचा जवानही असतो. तो सोबतीला आणि मदतीला असतो, गुन्हा नोंदवायला नव्हे.

फरक सगळ्यात जास्त कुठे भोवतो, ते एका प्रसंगावरून सांगते. समजा, रात्री साडेनऊची गाडी आहे. सुटता सुटता एक पुरुष लेडीज डब्यात चढला आणि एका मुलीच्या अंगाला त्याने मुद्दाम हात लावला. बायकांनी आरडाओरडा केला, पुढच्या स्टेशनवर खाकी गणवेशातल्या माणसाने त्याला खाली उतरवलं. सगळ्यांना वाटलं, झालं, पकडला. पण इथं गुन्हे दोन घडले आहेत. महिलांच्या राखीव डब्यात शिरणं हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १६२खालचा गुन्हा. त्याला शिक्षा ५०० रुपयांपर्यंत दंड, तिकीट किंवा पास जप्त होऊ शकतो आणि डब्यातून बाहेर काढता येतं. ही कारवाई आरपीएफच्या अखत्यारीत येते. अंगाला हात लावणं हा विनयभंग, भारतीय न्याय संहितेचं कलम ७४. त्याला किमान १ आणि कमाल ५ वर्षं कैद. हा गुन्हा दाखल करून तपास करायचा तो लोहमार्ग पोलिसांनी.

आता त्या मुलीने फक्त ‘हा लेडीज डब्यात चढला’ एवढंच सांगितलं, किंवा लाजेने गप्प राहिली, तर कागदावर पहिलाच गुन्हा उतरेल. माणूस दंड भरून मोकळा होईल आणि उद्या त्याच गाडीला परत उभा राहील. म्हणून काय घडलं ते नेमक्या शब्दांत सांगणं फार गरजेचं आहे. ‘छेड काढली’ हा शब्द मला अजिबात आवडत नाही, कारण त्यात काहीच कळत नाही. कुठे हात लावला, काय बोलला, किती वेळ पाठलाग केला, फोनवर शूटिंग केलं का, हे स्पष्ट सांगायचं. पाठलागाला कलम ७८ आहे, अश्लील शेरे आणि हावभावांना ७९. कलमं पाठ करायची गरज नाही, ती लावणं पोलिसांचं काम. आपण घटना सांगायची आणि शेवटी म्हणायचं, ‘मला जीआरपीकडे फिर्याद द्यायची आहे.’

मग आरपीएफ बिनकामाचं का? मुळीच नाही. घटना चालू असताना, गाडी पळत असताना सगळ्यात आधी उपयोगी पडतात ते बहुधा हेच. त्यांचा नंबर १३९. पूर्वीचा १८२ हा सुरक्षेचा नंबर २०२१ साली यातच मिसळला. बहिणींनो, जुना १८२ फोनमध्ये साठवून ठेवला असेल तर तो आजच काढून टाका. १३९ लावून सुरक्षेसाठी १ दाबायचा आणि गाडी कुठून कुठे जाणारी, फास्ट की स्लो, पुढचं स्टेशन कोणतं, चर्चगेटकडून किंवा सीएसएमटीकडून कितवा डबा, एवढं एका दमात सांगायचं. स्टेशनवरच्या सीसीटीव्हीवर नजर ठेवण्याचं कामही मुख्यत्वे आरपीएफकडे असतं, त्यामुळे फलाट आणि वेळ नक्की सांगितली तर माणूस शोधायला मदत होते. लांब पल्ल्याच्या गाडीने एकटी निघालेल्या बाईसाठी आरपीएफने २०२० साली ‘मेरी सहेली’ हा उपक्रम सुरू केला. गाडी सुटते त्या स्टेशनवर महिला जवान येऊन तिच्याशी बोलतात, डबा आणि सीट टिपून घेतात आणि वाटेतल्या स्टेशनांना कळवतात.

१३९ या आकड्याची आणखी एक गंमत नव्हे, पण महत्त्वाची गोष्ट. रेल्वे कायद्याचं कलम १३९ सांगतं की पुरुष सोबत नसलेल्या बाईला, तिच्याकडे तिकीट नसलं तरी, रात्री गाडीतून उतरवता येत नाही. उतरवायचं तर दिवसा, आणि तेही तिचा प्रवास सुरू झाला तिथे, जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनवर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. पाकीट चोरीला गेलं, तिकीट त्यातच होतं, अशा वेळी हे माहीत असलेलं बरं.

जीआरपीचा नंबर १५१२. तिथं गेल्यावर बहुतेकींना ज्याची धास्ती वाटते तो शब्द म्हणजे हद्द. घटना कुर्ला आणि ठाण्याच्या मध्ये धावत्या गाडीत घडली, उतरलो डोंबिवलीला, मग तक्रार कुठे? उत्तर: जिथे उतरलात तिथे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदवता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ते ठाणं पुढे योग्य ठाण्याकडे कागद पाठवतं. विनयभंगासारख्या गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचा असतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, हातात पडली तर थांबून विचारा, कारण विनयभंग हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी थेट एफआयआर नोंदवून तपास करायचा असतो. असा गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९खाली ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. आवाज न चढवता एवढं सांगितलं तरी पुरतं.

लगेच ठाण्यात जाणं शक्य नसेल तर ऑनलाइन तक्रारही चालते, फक्त ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. लांबच्या गाडीत असाल तर टीटीई किंवा गाडीतल्या पोलीस पथकाकडे फिर्यादीचा फॉर्म मागा. तो भरून दिला की पुढच्या ठाण्याकडे जातो, त्यासाठी मधेच उतरावं लागत नाही. पुढे साक्षीदार म्हणून चौकशी करायची झाली तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या ठिकाणी यायचं असतं.

आणि एक सीमारेषा पायाखाली असते, ती दिसत नाही. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या उतरून रिक्षा स्टँडकडे वळलात की रेल्वेची हद्द संपली. तिथून पुढे आरपीएफही नाही, जीआरपीही नाही, तो भाग शहर पोलिसांचा. स्टेशनपासूनच कुणी मागे लागलं असेल तर शक्यतो ती पायरी उतरूच नका, फलाटावरच्या उजेडात मागे फिरा. उतरलाच असाल तर ११२ हा पोलिसांचा आपत्कालीन नंबर लावा.