सलाईन लावण्याआधी ऑपरेशनचं सांगा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की धडधाकट माणसालाही पाणी पुरत नाही. वजन घटवण्यासाठी ज्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आहे, त्याची अडचण वेगळीच. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकलेला, उरलेली असते एक अरुंद नळी. उन्हातून येऊन तांब्याभर पाणी घटाघटा पिण्याची सोय संपलेली असते. घोट घोट करत दिवसाला दीड-दोन लिटर पोटात जायला हवं, ते जात नाही. मग घेरी येते, लघवी गडद होते, उलट्या सुरू होतात. घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात आणि म्हणतात, "डॉक्टर, एक सलाईन लावून द्या."

मेख इथेच आहे. बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. खाणं आधीच तुटपुंजं, त्यात उलट्या. साठा तळाला जातो. साखरेतून ऊर्जा काढायला पेशींना थायमिन लागतं. अशा वेळी नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. तिन्ही लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. उपाय मात्र साधा आणि स्वस्त: ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन. पण त्यासाठी समोरच्या डॉक्टरांना ऑपरेशन झाल्याचं कळायला हवं. वजन कमी करायला ऑपरेशन केलं हे सांगायची अनेकांना लाज वाटते. निदान दवाखान्यात तरी ती नको.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला धोका वेगळा. जठर कापलेल्या जागी घातलेली स्टेपलची शिवण कुठे गळू लागली तर पोट लाकडासारखं कडक होईल अशी आपली समजूत असते. स्थूल माणसात तसं होतंच असं नाही. आधी बोलते ती नाडी. स्वस्थ पडून असतानाही ठोके मिनिटाला १२० च्या वर राहिले, सोबत ताप, धाप किंवा डाव्या खांद्यात दुखणं असलं, तर "गॅस झाला असेल" म्हणून रात्र काढू नये. पोटरी सुजून अचानक दम लागला तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका घ्यावी. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यानंतरही शिवण गळू शकते. गडचिरोली-गोंदियाहून आलेला पेशंट तोवर घरी पोहोचलेला असतो. म्हणून सर्जनचा नंबर घरातल्या दोघांकडे तरी हवा.

बायपास झालेल्यांची गोष्ट आणखी निराळी. हा हृदयाचा नव्हे, वजन घटवण्याचा बायपास: जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. लग्नात संत्रा बर्फीचे दोन तुकडे खाल्ले की अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब: गोड पदार्थ लहान आतड्यात एकदम उतरल्याचा हा परिणाम. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून चक्कर येते. या जोडावर अल्सर होऊ नये म्हणून विडी-सिगारेट सोडावी, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. खर्राही (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) डॉक्टर बंदच करायला सांगतात, आणि आपल्याकडे तेच सर्वांत अवघड जातं!

वजन उतरलं की पोटातली चरबीही झडते. बायपासनंतर त्यामुळे मोकळ्या झालेल्या फटीत आतडं अडकू शकतं, कधी कधी काही वर्षांनीसुद्धा. जेवल्यावर कळा येतात, मग थांबतात. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी सर्जनला दाखवावंच. सीटी स्कॅनमध्येही हे कधी कधी निसटतं. झपाट्याने वजन उतरताना पित्ताचे खडेही होतात, म्हणून पहिले सहा महिने बरेच डॉक्टर त्यासाठी गोळी देतात.

केस गळाले की सगळे धावतात. बी-१२ ची कमतरता मात्र गुपचूप वाढते. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे तळपायाला मुंग्या येऊ लागतात तेव्हा पेशंटने जीवनसत्त्वाच्या गोळ्या केव्हाच सोडलेल्या असतात. वर्षातून एकदा रक्त तपासावं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. आणि लोहाची तर चहाबरोबर नकोच.