शाळेच्या वायफायचं सर्टिफिकेट टाकण्याआधी आणि काढण्याआधी
(ठाण्यातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जून उजाडला की काउंटरवर हा प्रश्न येतोच: "शाळेनं एक फाइल पाठवलीय, ती टाकल्याशिवाय वायफायवर नेट चालत नाही म्हणतात. टाकू का?" दिवाळीच्या सुमारास तेच पालक परत येतात: "फोनवर 'नेटवर्क मे बी मॉनिटर्ड' असं दिसतंय, व्हायरस शिरला का?" एकेकाला समजावेपर्यंत मागचे लोक खोळंबतात, म्हणून हे लिहून काढलं.

व्हायरस नाही. ती सूचना अँड्रॉइड देतं, कारण फोनमध्ये बाहेरचं रूट सर्टिफिकेट टाकलेलं आहे. शाळेनं पाठवलेली फाइल ती हीच: 'माझ्या सहीच्या साइटवर विश्वास ठेव' असं ती फोनला सांगते. एरवी ब्राउझर आणि बँकेची साइट यांच्यातला मजकूर बंद असतो. शाळेच्या वायफायला फार तर साइटचं नाव दिसतं, आत तुम्ही काय वाचलं किंवा टाइप केलं ते दिसत नाही. रूट सर्टिफिकेट टाकलं की शाळेची फायरवॉल (नेटवर्कच्या दारातली गाळणी) मध्ये उभी राहून मजकूर उघडू शकते, तपासू शकते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवू शकते. सोसायटीच्या वॉचमनला तुमची पाकिटं फोडून, वाचून, परत चिकटवायची लेखी परवानगी द्यावी तसं. त्यात ब्राउझरमधले सर्च, मेल आणि पासवर्डही आले. इन्कॉग्निटोनं यात काही फरक पडत नाही.

शाळांना दोष द्यायचा नाही. शेकडो मुलं एकाच नेटवर घ्यायची तर गाळणी लावावीच लागते, आणि बऱ्याच ठिकाणी बँकांच्या साइट तपासणीतून वगळलेल्या असतात. पण त्या वगळल्या आहेत की नाही, हे शाळेच्या सेटिंगवर अवलंबून. लॅपटॉपवर तुम्हाला स्वतःलाही पाहता येतं: शाळेच्या वायफायवर असताना पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा. 'इश्यूड बाय'समोर शाळेचं किंवा फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीचं नाव असेल, तर ते पान वाटेत उघडलं गेलंय.

घरच्या वायफायवर काय? नुसतं सर्टिफिकेट घरातला मजकूर शाळेकडे पाठवत नाही. पण सोबत शाळेचं व्हीपीएन, प्रॉक्सी (दोन्ही तुमचं नेट शाळेमार्गे वळवतात) किंवा एखादं ॲप बसवलं असेल, तर घरूनही सगळं शाळेच्या गाळणीतून जाऊ शकतं. दुसरा धोका किल्लीचा. सर्टिफिकेटची गुप्त किल्ली, म्हणजे त्याच्या नावानं सही करायचा कोड, ज्याच्या हाती लागेल, तो तुमच्या फोनपुढे कुठल्याही साइटचं सोंग घेऊ शकतो. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं निघालं. तेही स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवायचं. सगळ्या लॅपटॉपवर त्याची किल्ली एकच होती आणि ती जाणकारांनी लगेच शोधून काढली. ती तर मोठी कंपनी. शाळेची किल्ली कुठल्या कपाटात, कुणाच्या पेनड्राइव्हवर आहे, हे विचारायला हरकत नाही.

आता आमचा खरा वेळ कशात जातो ते सांगतो. लोक घाबरून सर्टिफिकेट स्वतःच काढतात आणि बाकीचं तसंच ठेवतात. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी चालूच, सर्टिफिकेट मात्र गेलेलं. मग प्रत्येक साइटवर 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' असं लाल पान येतं. राउटर बिघडला असं वाटून आम्हाला फोन येतो, आमच्या दुकानातला मुलगा घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून तुमच्या घरी पोचतो, आणि राउटर ठणठणीत असतो. दरम्यान कुणीतरी 'तरीही पुढे जा' दाबदाबून कामं उरकलेली असतात. असं करणं सर्टिफिकेट टाकण्यापेक्षाही वाईट. काही जण अँड्रॉइडमध्ये 'क्लिअर क्रेडेन्शियल्स' दाबतात. त्यानं शाळेच्या सर्टिफिकेटबरोबर तुम्ही टाकलेली बाकीची सगळी जातात, ऑफिसच्या वायफायचंही. विंडोजमध्ये तर 'ही कसली परदेशी नावं' म्हणून यादीतली मूळ सर्टिफिकेट उडवलेली आम्ही पाहिली आहेत.

म्हणून क्रम पाळा. आधी व्हीपीएन, शाळेचं ॲप आणि लॅपटॉपवरची प्रॉक्सी बंद करा, मगच सर्टिफिकेट काढा. अँड्रॉइडवर ट्रस्टेड क्रेडेन्शियल्समधल्या 'युजर' यादीत जाऊन फक्त शाळेचंच निवडून काढायचं. आयफोनवर जनरलमध्ये 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' उघडून शाळेचं प्रोफाइल काढायचं, त्यासोबत आलेलं सर्टिफिकेटही जातं. टॅब शाळेनंच दिलेला असेल तर त्याला हात लावू नका. फोन फॉरमॅट करायची गरज क्वचितच पडते, आणि फोटोंचा बॅकअप नसेल तर फॉरमॅट आम्ही करतही नाही.

टाकायचंच असेल तर फक्त मुलाच्या उपकरणावर. आईबाबांच्या फोनवर किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर आम्ही ते टाकत नाही, कितीही आग्रह केलात तरी. "दोन मिनिटांचं काम आहे, इतकं काय?" म्हणून काही जण रागावतात. रागवा, पण त्याच लॅपटॉपवर तुमचं नेट बँकिंग चालतं. घरात लॅपटॉप एकच असेल तर मुलाचं वेगळं युजर अकाउंट हवं, आणि विंडोजमध्ये सर्टिफिकेट टाकताना 'लोकल मशीन' नव्हे, 'करंट युजर' निवडायचं. नाहीतर ते सगळ्यांच्या अकाउंटना लागू होतं. शाळेच्या गूगल अकाउंटसाठी क्रोमचं प्रोफाइलही वेगळं ठेवा, कारण त्या प्रोफाइलवर शाळा स्वतःचे नियम आणि एक्स्टेन्शन लावू शकते.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अँड्रॉइडमध्ये 'सीए सर्टिफिकेट' आणि 'वायफाय सर्टिफिकेट' असे वेगळे पर्याय आहेत. शाळेला फक्त वायफायच्या लॉगिनसाठी ते हवं असेल, तर दुसरा पर्याय पुरतो आणि ब्राउझरच्या मजकुराला धक्का लागत नाही. म्हणून शाळेला आधी हेच विचारा: लॉगिनसाठी हवंय की तपासणीसाठी? उत्तर लेखी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. शाळांना त्यात काही सवलती आहेत, पण प्रश्न विचारायला कुणाची ना नाही.

हे सगळं आमच्याकडून करून घ्यायचं तर वेगळं अकाउंट, सर्टिफिकेट आणि जुन्या सर्टिफिकेटची तपासणी एकाच बैठकीत होते. तपासणीत काही सापडलं नाही तरी तिचे पैसे लागतात, कारण वेळ तेवढाच जातो. शाळेपुरता वेगळा लॅपटॉप हवा असेल तर दुरुस्त केलेले जुने लॅपटॉप आमच्याकडे असतात, आधी फोन करून विचारा. येताना चार्जर, शाळेचा मूळ मेल आणि लॅपटॉपचा ॲडमिन पासवर्ड ज्याला माहीत आहे ती व्यक्ती, एवढं सोबत आणा. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आमच्याकडे ठेवू नका, आम्ही घेत नाही.