ऐच्छिक चाचण्या (सी व सी++ प्रकल्पांतील)

काही चाचण्या प्रत्येक यंत्रावर चालत नाहीत. एखादीला ओपनएसएसएल ही सांकेतिकीकरणाची लायब्ररी लागते, एखादीला ग्राफिक कार्ड, तर एखादीला फक्त लिनक्सवरच अर्थ असतो. अशी चाचणी घ्यायची की वगळायची हे दोन जागी ठरवता येते : कोडमध्येच प्रीप्रोसेसरची (कोडच्या मजकुरात आधी फेरफार करणाऱ्या साधनाची) ‘इफडेफ’ अट, म्हणजे ‘अमुक नाव ठरवलेले असेल तरच पुढचा मजकूर ठेवा’, घालून, किंवा कोडला हात न लावता बिल्डच्या (कोडपासून प्रोग्राम बांधण्याच्या) फाइलींत.

इफडेफ दोन ओळींत काम भागवते, म्हणून मोह होतो. पण प्रीप्रोसेसर कंपायलरच्या (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) आधी चालतो. अट पुरी झाली नाही, तर मधला मजकूर कंपायलरच्या नजरेस पडतच नाही. मूळ फंक्शनचे नाव बदलले तरी वगळलेली चाचणी कुरकुरत नाही, ती तशीच कुजत राहते. त्याहून घातक म्हणजे आतून रिकामे झालेले ‘मेन’ (प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन) शून्य, म्हणजे ‘सर्व ठीक’, परत करते आणि अहवालात ती चाचणी ‘पास’ दिसते. अटीत तपासल्या जाणाऱ्या मॅक्रोच्या (प्रीप्रोसेसरसाठी ठरवलेल्या नावाच्या) स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले तरी हेच होते. जीसीसी या कंपायलरचा ‘डब्ल्यूअनडेफ’ इशारा साध्या ‘इफ’ ओळीतली अशी चूक पकडतो, इफडेफमधली नाही. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर या प्रोग्रामरांनी १९९२ सालीच यूसेनिक्स या संगणक-संघटनेच्या परिषदेत इफडेफच्या अतिवापरावर कडक टीका केली होती.

बिल्डच्या वाटेने जाताना ऐच्छिक चाचणीची वेगळी फाइल करतात आणि ती बांधायची का, हे कॉन्फिगरच्या (बांधणीआधीच्या जुळवणीच्या) वेळी ठरते. त्यासाठी सीमेक या बिल्ड-साधनात ‘ऑप्शन’ असते. मेसन या तशाच साधनाच्या फीचर पर्यायाला चालू, बंद आणि स्वयंचलित अशा तीन अवस्था असतात. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ५.५ या आवृत्तीपासून आलेल्या केयुनिट या चाचणी-चौकटीच्या चाचण्या केकॉन्फिग या जुळवणी-यंत्रणेच्या पर्यायांनी निवडल्या जातात. त्यासाठी मेकफाइलमधली (बांधणीच्या सूचनांच्या फाइलीतली) एक ओळ पुरते.

मात्र यादीतूनच गळलेली चाचणीही अहवालात दिसत नाही. म्हणून यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीवर अवलंबून असलेली चाचणी बांधावी, चालवावी आणि तिनेच ‘वगळली’ असे सांगावे. ऑटोमेक या बिल्ड-साधनात त्यासाठी ७७ हा निर्गम-संकेत (प्रोग्राम संपताना परत देतो तो आकडा) आहे आणि मेसनही तोच मानते. सीमेकच्या सीटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनाला मात्र कोणता आकडा धरायचा ते सांगावे लागते.

इफडेफ पूर्णपणे टाळता येत नाही. केयुनिटसाठी कर्नलमधले एखादे ‘स्टॅटिक’ (एरवी फक्त आपल्याच फाइलीत दिसणारे) फंक्शन चाचणीपुरते उघडे करायचे असते, तेव्हा अट लागतेच. पण ती एका हेडर फाइलमधल्या मॅक्रोत बंदिस्त ठेवलेली आहे.